छायची पहार आणि नियूची झारी

मी एक जुनी पहार आहे, मित्रांनो. 'मित्रांनो' म्हणायचा रिवाज आहे म्हणून म्हणते, नाहीतर तुमची-माझी मैत्री काही झालेली नाही. जुन्या वस्तू प्रेमळ असतात असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल, तर ते विसरा. मी साडेतीन हात लांब आहे, टोकाला अणकुचीदार आहे, आणि नियू बाओथिंग या माणसाचं नाव निघालं की अजूनही माझं माथं भडकतं.

पिवळ्या नदीच्या दक्षिण काठावर, नदीखात्याच्या भट्टीत माझा जन्म झाला. लोहाराने मला तापवलं, बडवलं आणि माझ्या अंगावर वीत-वीत अंतराने खुणा पाडल्या. आपण खड्डे खणणार असं मला वाटलं होतं, पण माझं काम निराळं निघालं. त्या नदीत गाळ इतका की तळ दरवर्षी वर येतो. तळ वर आला की बांध चढवायचा, आणि बांध चढवत गेलं की एक दिवस नदी गावांच्या छपरांपेक्षा उंचावरून वाहू लागते. म्हणून बादशहाचा हुकूम होता की माती एका वेळी दीड वीत टाकायची, धुम्मसाने, म्हणजे दोरांनी उचलून आपटायच्या जड दगडाने, चोपून एक वीत करायची, मगच पुढचा थर. काम पुरं झालं की माझी पाळी. मला बांधात खोल ठोकायचं, उपसून काढायचं, आणि त्या भोकात झारीने काठोकाठ पाणी ओतायचं. एक उदबत्ती जळेपर्यंत पाणी तसंच राहिलं तर बांध पक्का. पाणी खाली गेलं तर माती पोकळ, सगळं उकरा आणि पुन्हा करा.

मी छाय दशुनच्या हाती आले. तो बांधावरच्या चौकीत राहणारा रखवालदार होता. अंगाने काटक, जिभेने फटकळ. बायको वारलेली. एकच मुलगी, शिंगहुआ, बांधाच्या पायथ्याशी ल्यूवान गावात दिलेली. छाय मला रोज तेल चोळायचा, जुन्या रजईच्या कापडात गुंडाळायचा आणि वर्षाच्या पहिल्या दिवशी माझ्यापुढे उदबत्ती लावायचा. दुसऱ्या कोणी मला हात लावला तर अंगावर धावून जायचा. लोक मला त्याची दुसरी बायको म्हणत.

शिंगहुआ चिडवायची, "बाबा, आईला कधी एवढं जपलं होतंत का?"

"तुझी आई खोटं बोलायची," तो म्हणायचा. "ही बोलत नाही."

ते ऐकून मी फुगायची. लपवून काय करू, त्या कौतुकावरच मी जगले.

ऐन उमेदीत मी एकदा नियू मुकादमाचं काम उघडं पाडलं. तीन भोकं पाडली, तिन्हींतलं पाणी गडप. तेव्हाच्या अंमलदाराने नियूच्या मानेत फळ्यांचा खोडा अडकवला आणि त्याला महिनाभर बांधावर उभं केलं. खोडा इतका रुंद असतो की माणसाचा हात स्वतःच्या तोंडाशी पोचत नाही. कोणी भरवलं तर खायचं. छाय रोज दुपारी त्याच्यासमोर बसून, मुद्दाम चवीचवीने, वाफवलेला पाव लसणाबरोबर खायचा.

"काय मुकादम, पोट कसं आहे? पोकळ?"

नियू नुसता टक लावून पाहत राहिला. तो माझ्याकडेच पाहतोय असं मला वाटलं. माझ्या शेजारी झारी ठेवलेली होती, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

सात वर्षांनी नियू परत आला तो कंत्राटदार होऊन, रेशमी अंगरख्यात. ल्यूवानच्या माथ्यावरचा बांध चढवायचं काम त्यालाच मिळालं. अंमलदारही नवे आले होते, शुए हुजूर. हे गृहस्थ पालखीतून उतरत नसत, कारण चिखलाने त्यांचे बूट खराब होत. काम सुरू झालं तसा छाय अस्वस्थ झाला. धुम्मस ओढणाऱ्यांचं गाणं सुरू व्हायचं आणि निम्म्यावरच थांबायचं, म्हणजे माती अर्धीच चोपली जात होती.

"अरे, दोन-दोन थर एकदम टाकताय!" तो चौकीतून ओरडला. "धुम्मस काय शोभेला आणलंय?"

"तुझी बायको आहे ना तपासायला?" नियू खालून म्हणाला. "तीच ठरवेल. की आता तिच्यावरही भरवसा राहिला नाही, म्हाताऱ्या?"

मजूर खिदळले.

"मान मोजून ठेव," छाय म्हणाला. "खोडा नवा करायला सांगतो."

तपासणीच्या दिवशी पालखीचा पडदा बोटभर उघडला आणि हुजुरांनी खूण केली. छायने स्वतः मला उचललं, स्वतः ठोकलं, स्वतः उपसलं. पाणी मात्र नियूचा माणूस ओतत होता. पाणी भरणं हे हलकं काम. वीस वर्षांत छायने त्या झारीला बोट लावलं नव्हतं, आणि तपासणीत झारीला मोल आहे असं आम्हा दोघांना कधी वाटलंही नव्हतं.

पहिल्या भोकात पाणी काठोकाठ राहिलं. दुसऱ्यात राहिलं. तिसऱ्यात, चौथ्यात. छायच्या कपाळावर घाम आला. पाचव्या भोकात त्याने पाणी तसंच असताना मला पुन्हा आत घातलं आणि गरागरा फिरवलं. तेव्हा मला कळलं. ते पाणी नव्हतं, बुळबुळीत काहीतरी होतं. ते मातीच्या भेगांत शिरून बसलं होतं आणि थेंबही खाली जाऊ देत नव्हतं. छायने मला बाहेर काढलं, माझ्यावरून बोटं फिरवली. बोटं घसरली. आता याला समजणार, असं मला वाटलं. पण तो पुटपुटला, "सकाळी तेल जरा जास्तच झालं," आणि त्याने बोटं विजारीला पुसली.

सातही भोकं भरलेली राहिली.

"झालं का तुझं?" पडद्यामागून हुजूर म्हणाले. छायने कागदावर अंगठा उठवला. नियूने सर्वांसमोर त्याच्या तोंडून म्हणवून घेतलं, बांध पक्का आहे. छाय ते म्हणाला, आणि वाईट हे की नंतर त्याला ते पटलंसुद्धा. सात वेळा पहारीने सांगितल्यावर आपल्या कानांनी काय ऐकलं होतं ते त्याने खोटं ठरवलं.

त्या पावसाळ्यात नदी फुगली. एका सकाळी शिंगहुआ पाठीवर बोचकं घेऊन चौकीत आली.

"बाबा, आम्ही दोघं आणि सासूबाई इथं वर येऊन राहू का? बांधाच्या पायथ्याशी ओल धरलीय. सासूबाई म्हणतात, लक्षण बरं नाही."

"ओल पावसाची आहे."

"पण शेजारचे चाललेत."

"शेजारचे सशाच्या काळजाचे आहेत," छाय म्हणाला. "सात वेळा तपासलाय बांध, या पहारीने. रखवालदाराचीच मुलगी पळाली तर लोक काय म्हणतील? जा पोरी, घरी जा."

ती बोचकं उचलून उतरली. मी दाराआड उभी होते.

चौथ्या दिवशी भर दुपारी बांध फुटला, नियूने बांधला होता तिथेच. ल्यूवानात बेचाळीस घरं होती. जिवंत सापडली ती चौदा माणसं. शिंगहुआ त्यांत नव्हती.

चौकशी झाली. शुए हुजुरांनी लिहिलं की काम चोख होतं, तपासणाऱ्याने कुचराई केली. खोडा छायच्या मानेत आला आणि त्याला फुटलेल्या बांधाच्या तोंडाशी उभं केलं. भगदाड बुजवायचं कंत्राट कोणाला मिळालं ते मी सांगायला हवं का? ज्वारीच्या कडब्याचे डोंगराएवढे भारे रचून नियूची माणसं नदीचं तोंड दाबत होती. एका दुपारी नियू राळ्याची पेज घेऊन छायसमोर येऊन बसला आणि भुरके मारत प्यायला.

"वीस वर्षं पहार जपलीस," तो म्हणाला. "झारीत एकदा तरी हात घातलास का रे? मिशीवाल्या माशांची लाळ होती. दोन टोपल्या मासे पुरले."

"सातही भोकांत?" छायने विचारलं.

"सातही. सांग ना जाऊन. खोड्यातल्या माणसाचं कोण ऐकतंय?"

छाय रडला नाही. त्या दिवसापासून त्याने माझ्याकडे पाहणंही सोडलं.

भगदाड बुजलं तेव्हा वरच्या कचेरीतून एक म्हातारे हुजूर तपासणीला आले. सतत खोकणारे, पण स्वतःच्या पायांनी बांध चढणारे. कोण्या परक्या हाताने मला ठोकलं. नियूचा माणूस झारी घेऊन पुढे झाला, तोच छाय ओरडला, "हुजूर, घसा सुकलाय. घोटभर पाणी पाजा. त्या झारीतलंच चालेल."

खोड्यातल्या माणसाला पाणी नाकारणं आमच्याकडे पाप समजतात. हुजुरांनी मान हलवली. नियूने झपाट्याने पुढे होऊन झारी छातीशी धरली.

"हुजूर, हे मातकट आहे. मी स्वच्छ मागवतो."

"मी नदीकाठचा आहे," छाय म्हणाला. "मातकटच पीत आलोय."

हुजूर खोकले. मग नियूला म्हणाले, "त्याला द्यायचं नसेल तर नको देऊ. तू पी."

नियू प्यायला नाही. हुजुरांनी त्याच्या हातातून झारी घेऊन तिरकी केली. पाण्याची धार पडायच्या ऐवजी लाळेसारखी तार लोंबली.

खोडा नियूच्या मानेत गेला. शुए हुजुरांची मात्र बदली झाली, आणि तीही बढतीवर. छायला मोकळं केलं तेव्हा म्हाताऱ्या हुजुरांनी मला दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरलं. त्याने घेतलं नाही.

"ही कुणालाही द्या. ठोकायला काय अक्कल लागते? झारी माझ्याकडे द्या."

मला भयंकर राग आला. मी काय केलं होतं? खोटं तर पाणी बोललं होतं! छायने झारी नदीवर नेऊन स्वतः भरली, आणि भोकात ओतण्याआधी स्वतः घोट घेतला. पुढे जगला ती नऊ वर्षं तो दर भोकाआधी तो गढूळ घोट घेत राहिला. मला पुन्हा त्याने हात लावला नाही. मी कोपऱ्यात पडून गंजले, आणि गंजता गंजता माझा राग कधीतरी ओसरला. मी खोटं बोलले नव्हते हे खरं. पण शिंगहुआ वर येऊन राहते म्हणाली तेव्हा तिला परत पाठवायला तिच्या बापाने माझंच नाव पुढे केलं होतं.

तेव्हा मित्रांनो, मला पुसा, मला जपा, असं मी म्हणणार नाही. तुमच्या गावाच्या डोक्यावर कोणी बांध घातला आणि तपासणी झाली म्हणून सांगायला आला, तर झारीतला पहिला घोट त्याला प्यायला लावा. नाही प्यायला, तर पोराबाळांना घेऊन उंचावर चढा. मला विचारायला थांबू नका.