उणे सातचा निकाल

‘माय मरो पण मावशी उरो’ ही म्हण ज्याने कुणी काढली, त्याला ऑफिसात वरिष्ठ म्हणून सख्खी मावशी मिळाली नसणार! भाचीला मिळाली होती. प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरच्या टीममध्ये आल्यापासून सगळे तिला ‘वशिल्याची’ म्हणत, आणि ते कानावर येई म्हणून मावशी तिच्याच कोडला जास्त झोडपून काढी.

आजचा बदल तर इवलासा, दोन ओळींचा. प्रोग्राम जलद चालावा म्हणून त्यांचा कंपायलर दोनने भागण्याऐवजी आकड्याचे शून्य-एकचे बिट एक घर उजवीकडे सरकवायचा. ऋण आकड्यांना ही युक्ती दगा देते, म्हणून भाचीने ती दुरुस्त केली होती. झालं! टीमची एक जुनी चाचणी लाल झाली, म्हणजे नापास.

“उणे सात भागिले दोन. उत्तर उणे चार हवं, तुझं उणे तीन येतंय,” मावशी सगळ्यांसमोर म्हणाली. “बदल मागे घे.”

“वशिला फुसका निघाला रे,” मागच्या टेबलावरचा टवाळ कुजबुजला.

भाचीचं डोकंच सणकलं. आज माघार घेतली तर हा शिक्का जन्मात पुसला जायचा नाही.

“मावशी, उणे साडेतीनमधला अर्धा छाटला की उणे तीनच राहतात. आपल्या प्रोग्रामिंग भाषेचा नियमच आहे तो. चाचणीच चुकलीय.”

“ती मी लिहिलीय.”

“मग त्यातलं उत्तर कुठून घेतलंस?”

“कुठून म्हणजे? कंपायलर चालवून…” मावशी बोलता बोलता थांबली.

“म्हणजे चोरालाच विचारलंस, चोरी झाली का म्हणून!” भाची बोलून गेली. तिने तोच प्रोग्राम ऑप्टिमायझेशन, म्हणजे वेगाच्या सगळ्या युक्त्या, बंद करून चालवला. उणे तीन. मग दुरुस्तीआधीच्या जुन्या कंपायलरवर त्या युक्त्या चालू करून पाहिला. उणे चार. “आपण वेग वाढवायचा, उत्तर बदलायचं नाही. हो ना?”

मावशीने चाचणीतला चार खोडून तीन केला आणि सगळ्यांना दिसेल असा शेरा लिहिला: ‘चूक माझी. बदल मंजूर.’

भाचीला टेबलावर चढून नाचावंसं वाटलं. चहाच्या वेळी टवाळ खुर्ची ओढत तिच्याजवळ आला.

“माझा एक बदल अडलाय. तपासतेस का जरा?”

“मावशीला दाखव की! ती मोठी आहे.”

“दाखवला,” तो मान खाजवत म्हणाला. “त्या म्हणाल्या, आधी तिच्याकडून पास करून आण.”