बाईंचं बंद पाकीट

आमच्या बाइंडरचा जगात एकाच माणसावर पूर्ण विश्वास होता, आणि तो माणूस म्हणजे तो स्वतः. सरसवाला सरसात पाणी घालतो, कागदवाला रिमातून पानं काढून घेतो, समोरचा झेरॉक्सवाला गिऱ्हाइकं फोडतो, अशी त्याची ठाम मतं होती. रीम दुकानात आलं की तो तीनदा मोजायचा. तिन्ही वेळा पानं बरोबर भरली की म्हणायचा, "आज बरोबर दिलंय म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय."

वाचकहो, हसू नका. आपल्या घरात असा एखादा माणूस असतोच. कधी कधी तो आरशातही दिसतो.

पुढच्या खोलीत बाइंडिंगचं दुकान आणि मागच्या दोन खोल्यांत बाइंडर, त्याची बायको आणि एकुलती एक मुलगी, एवढा तो संसार होता. मुलगी लहानखुरी आणि तिखट, म्हणून सगळे तिला मिरी म्हणत. मिरीला सरकारी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकायचं होतं. जागा साठ आणि अर्ज येणार चार हजार. दुसरीकडे हाच विषय शिकवणाऱ्या संस्था होत्या, पण त्यांच्या पायऱ्या चढायची या घराची ऐपत नव्हती. इथं प्रवेश मिळाला नाही तर मिरी दुकानात पुठ्ठे कापायला बसणार, हे तिघांनाही माहीत होतं आणि तिघंही ते बोलत नव्हती.

"सगळ्या जागा आधीच वाटून झालेल्या असतात," बाइंडर म्हणायचा. "अर्ज बिर्ज नुसता देखावा."

"मग वर्षाला साठ मुलं कुठून येतात?" मिरी विचारायची.

"ओळखीतून."

"साठही?"

"साठही."

अर्जाबरोबर तीन गोष्टी द्यायच्या होत्या. गुणपत्रिका, स्वतःविषयी एक पान निवेदन, आणि विषय शिकवणाऱ्या शिक्षकाचं शिफारसपत्र. पत्र बंद पाकिटात हवं आणि पाकिटाच्या तोंडावर शिक्षकाची आडवी सही हवी. आपण हे पत्र वाचणार नाही, असं विद्यार्थ्याने अर्जात लिहून द्यायचं होतं. मिरीने ते लिहून दिलं, आणि बाइंडरच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. ज्याच्यावर मुलीचं आयुष्य अवलंबून, तो कागद घरातल्या कुणी बघायचाच नाही म्हणजे काय?

त्यातून पत्र लिहिणार होत्या गणिताच्या बाई. बाई आणि बाइंडर यांच्यात एक जुनं प्रकरण होतं. वर्षापूर्वी बाईंनी आपला जाडजूड शब्दकोश बांधायला दिला होता, आणि मधली सोळा पानं उलटी शिवली गेली होती. दुकानात चार गिऱ्हाइकं असताना बाई आल्या आणि म्हणाल्या, "अहो, या वयात मान अशी उलटी करून शब्द शोधायला लावू नका मला." चौघंही हसली. बाइंडरने मुकाट्याने शिवण उसवून पुस्तक पुन्हा बांधून दिलं, पण ते हसू त्याच्या कानातून काही जाईना. त्याच आठवड्यापासून मिरीने एक वही घातली होती आणि दुकानात कोणत्या पुस्तकात कोणती चूक झाली ते ती टिपून ठेवू लागली होती. बाइंडरला तेही आवडलेलं नव्हतं. घरातच पाळत म्हणजे फार झालं, असं त्याचं म्हणणं.

मंगळवारी दुपारी मिरी पाकीट घेऊन घरी आली. "बाबा, हे तुमच्या लोखंडी कपाटात ठेवा. शनिवारी अर्ज द्यायचाय. माझ्याकडून हरवेल." एवढं बोलून ती वाचनालयात गेली.

बाइंडरने पाकीट उजेडात धरलं. कागद जाड होता, काही दिसेना. त्याने ते तळहातावर तोललं. एकाच कागदाचं वजन. चांगलं लिहायचं असतं तर दोन पानं नसती का लिहिली? त्याने सही निरखली. सहीखालची रेघ जरा जोरातच ओढलेली वाटत होती. हा राग नाही तर काय?

आता एक सांगायला हवं. चिकटवलेला कागद डाग न पडता सोडवणं ही बाइंडरच्या हातची कला होती. जुन्या पुस्तकांची पाठ मोकळी करताना तो वाफ आणि एक पातळ पट्टी वापरायचा आणि कागदाला कळायचंही नाही. खळीसाठी लागणारं पाण्याचं भांडं गरमच होतं. दाराला आतून कडी लागली आणि पाच मिनिटांत पाकीट उघडलं. बाईंच्या सहीची एक रेघही फिसकटली नव्हती.

पहिली ओळ अशी होती: "ही विद्यार्थिनी अकरावीच्या पहिल्या सहामाहीत माझ्या विषयात नापास झाली, शंभरात एकतीस." मधल्या ओळी न वाचताच त्याची नजर खाली 'शब्दकोश' या शब्दावर अडकली. तिथं लिहिलं होतं, "तिच्या वडिलांनी बांधून दिलेल्या माझ्या शब्दकोशात सोळा पानं उलटी होती."

बाइंडरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने पुढे वाचलंच नाही. वाचायचं राहिलं काय होतं? बाईंनी डाव साधला होता. बापावरचा राग मुलीवर काढला होता, आणि तोही सही करून.

"अहो, कडी का लावलीत?" मागून बायकोने विचारलं.

"काही नाही. वारा येतोय."

बायकोने खिडकीबाहेर पाहिलं. एक पान हलत नव्हतं. नवऱ्याचा संशयी स्वभाव इतक्या वर्षांत थोडा तिलाही लागला होता.

संध्याकाळी बाइंडर ताईकडे गेला. ताई त्याची थोरली बहीण. दुसऱ्या एका विद्यापीठात अर्ज छाननीच्या टेबलावर तिने तीस वर्षं काढली होती. मागे एकदा मिरीसाठी "कुणाला तरी एक शब्द टाक" म्हणून तो गेला होता आणि ताईने साफ नकार दिला होता. तेव्हापासून त्याने ताईलाही संशयितांच्या यादीत घातलं होतं. पण आज दुसरं दार नव्हतं.

"ताई, मला नवं शिफारसपत्र हवंय. दुसऱ्या कुणाचं. मोठ्या हुद्द्याच्या माणसाचं."

"का? बाईंनी दिलं नाही?"

"दिलं. पण पोरीचा गळा कापलाय त्यात."

ताईने चष्मा काढला. "तुला कसं कळलं?"

बाइंडर टेबलावरचं वर्तमानपत्र उगाच सरळ करू लागला.

"उघडलंस," ताई म्हणाली. तो विचारण्याचा सूर नव्हता. "काय लिहिलंय ते मला ऐकवू नकोस. ते माझ्यासाठी नाही. एवढंच सांग, शेवटपर्यंत वाचलंस का?"

"पहिल्याच ओळीत नापास म्हणून लिहिलंय! पुढे काय वाचायचं?"

"म्हणजे नाही वाचलंस. बरं, निवेदनाचं काय केलंस?"

बाइंडरने खिशातून घडी काढली. शेजारच्या घड्याळजीच्या मुलाला दोन वर्षांपूर्वी प्रवेश मिळाला होता, त्याचं निवेदन त्याने उतरवून आणलं होतं. मिरीने स्वतः काहीतरी लिहिलं होतं, पण ते दुकानातल्या चुकांबद्दल होतं. असलं कुणी लिहितं का?

ताईने दोन ओळी मोठ्याने वाचल्या. "'लहानपणापासूनच मला ज्ञानाची आवड आणि समाजाची सेवा करण्याची तळमळ आहे.' अरे, हे वाक्य मी एकेका वर्षात चारशे वेळा वाचलंय. कुणी ते फाडून टाकत नाही. पण संध्याकाळी टेबल आवरताना त्यातला एकही अर्ज आठवत नाही. एक मुलगी होती, तिने आजीच्या औषधांच्या वेळा चुकायच्या म्हणून तक्ता केला होता, एवढंच लिहिलं होतं. ती मला अजून आठवते."

"पण नापास झालेलं कशाला सांगायचं? झाकून ठेवता आलं असतं."

"गुणपत्रिकेवर छापलेलं कसं झाकणार?" ताई जरा पुढे सरकली. "तू स्वतःला संशयी समजतोस ना? आम्ही अर्ज वाचायला बसलो की तुझ्या दहापट संशयी असायचो. सगळीकडे नव्वद आणि मध्येच एकतीस दिसले की आम्ही थांबायचो. आजारी होती का? की पुढचे नव्वदच खोटे? त्याबद्दल अर्ज गप्प असला की आमचा संशय वाढायचा. पोरीला ओळखणाऱ्या एखाद्या शिक्षकाने सरळ सांगितलं की असं झालं, मग तिने असं केलं, तर आम्ही सुटकेचा निःश्वास टाकायचो. मोठ्या हुद्द्याच्या माणसाला मिरीबद्दल काय माहीत आहे? तो लिहील, 'मुलगी हुशार आणि सुस्वभावी आहे.' असली पत्रं आमच्याकडे गठ्ठ्याने यायची."

"आणि ओळखी?"

"असतात कुठे कुठे. मी नाही म्हणणार नाही. त्याविरुद्ध बोलायलाही हवं. पण तुझ्या पोरीच्या हातात जे आहे ते नीट द्यायचं सोडून तू हातात नसलेल्याचीच काळजी करतोयस. शिवाय ते पत्र आता बाद झालंय. उघडलेलं पत्र चालत नाही."

"कुणाला कळणार नाही ताई. असं चिकटवीन की—"

"ते मला माहीत आहे," ताई म्हणाली आणि उठून आत गेली. चहाही विचारला नाही.

बुधवारी सकाळी मिरी शाळेत गेली. बाइंडरने कपाटातून पाकीट काढलं, खळ पातळ केली, बारीक कुंचला घेतला. पत्र परत आत सरकवताना ताईचा प्रश्न त्याला टोचला. त्याने घडी उघडली आणि या वेळी शेवटपर्यंत वाचलं.

नापास झाल्यावर मिरी आपली उत्तरपत्रिका घेऊन बाईंकडे गेली होती. गुण वाढवून मागायला नाही. तिने स्वतःच्या सगळ्या चुकांची वर्गवारी केली होती आणि निम्म्याहून जास्त चुका घाईने उतरवताना झाल्या आहेत हे दाखवलं होतं. वर्षाअखेरीस तिला ब्याण्णव मिळाले. पुढे शब्दकोशाचं आलं होतं. उलट्या पानांवरून ती वडिलांच्या दुकानातल्या चुका टिपू लागली. दोनशे बारा पुस्तकांत नऊ चुका, आणि त्यातल्या सात टेबलावर एकाच वेळी दोन कामं पसरलेली असताना झालेल्या. "तिचे वडील उत्तम कारागीर आहेत," बाईंनी लिहिलं होतं, "आणि हे मी तिच्या वहीतल्या आकड्यांवरूनच म्हणते आहे." मग शेवटची ओळ: "चूक झाल्यावर ती लपवायच्या आधी मोजायला बसणारी ही एकच मुलगी मला वीस वर्षांच्या नोकरीत भेटली."

बाइंडरच्या उजव्या हातात खळीचा कुंचला होता.

त्याला स्वतःची इतकी लाज याआधी कधी वाटली नव्हती. मुलगी चुका मोजत होती, आणि बाप स्वतःची चूक चिकटवून टाकायला बसला होता! त्याने कुंचला धुतला. पाकीट तसंच उघडं ठेवून तो मिरीची वाट पाहत बसला. त्या दिवशी त्याने कुणाचं पुस्तक हातात घेतलं नाही.

मिरी आली. त्याने एका दमात सगळं सांगितलं. तिचे डोळे भरून आले.

"मी ते तुमच्याकडे ठेवायला दिलं होतं," ती म्हणाली. "वाचनालयात कपाटं होती. तिथं नाही ठेवलं."

"चुकलो. बाईंनी काय लिहिलंय माहितीये तुला, त्यांनी—"

"सांगू नका. मी लिहून दिलंय, वाचणार नाही म्हणून."

तासाभराने दोघंही बाईंच्या दारात उभी होती. बाइंडरने पाकीट पुढे केलं आणि म्हणाला, "बाई, हे मी उघडलं. मिरीला यातलं एक अक्षरही माहीत नाही. मला वाटलं, तुम्ही त्या शब्दकोशाचा राग धरून असाल."

बाईंनी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. एकही सुरकुती नव्हती. "चिकटवून दिलं असतंत तर मला काय, कुणालाच कळलं नसतं."

"हो."

"त्या दिवशी मी रागावले होते, खरं आहे. तासभर. तुम्ही मात्र तो राग वर्षभर माझ्या नावावर ठेवलात." त्यांनी पत्र फाडलं. बाइंडरचा हात ते वाचवायला पुढे गेला. "घाबरू नका. मजकूर तोच लिहीन. तो मुलीबद्दल आहे, तुमच्याबद्दल नाही. पण तुम्ही जरा बाहेर थांबा."

बाइंडर जिन्यात थांबला. अर्ध्या तासाने मिरी नवं पाकीट घेऊन बाहेर आली.

शनिवारी अर्ज द्यायला दोघं मिळून गेली. निवेदन मिरीचं स्वतःचं होतं. बसमध्ये गर्दी होती. बाइंडरने सवयीने हात पुढे केला. "दे इकडे, चुरगळेल."

"असू दे माझ्याकडे," मिरी म्हणाली. रागाने नव्हे, अगदी साध्या आवाजात. त्याने हात मागे घेतला. तिच्याकडून हक्काने काही मागावं एवढा विश्वास आता उरला नव्हता, हे त्याला त्या बसमध्ये कळलं.

मुलाखतीत पहिलाच प्रश्न त्या एकतीस गुणांचा आला आणि मिरीने चुकांची वर्गवारी सांगितली. दुसऱ्या यादीत तिचं नाव लागलं, सत्तावन्नावं. आता ती वसतिगृहात राहते. दुकानात एका वेळी एकच काम टेबलावर येतं. मुलांची प्रमाणपत्रं बांधून घ्यायला पालक आले की बाइंडर न विचारता सांगतो: निवेदन मुलांना त्यांचं त्यांना लिहू द्या, कमी गुणांचं कारण सरळ सांगा, पत्र ओळखणाऱ्या शिक्षकाकडूनच घ्या. आणि पाकीट त्यांच्याच हातात राहू द्या.

वाचकहो, जगात लबाडी नाही असं कुणी म्हणत नाही. डोळे उघडे ठेवावेतच. पण आपल्या मुलांच्या प्रवेशाआड चार हजार अर्ज जितके येतात, तितकाच कधी कधी आपला संशयही येतो, आणि पहिल्या दोन ओळींतच वाईट सापडलं की आपण पुढचं वाचणं सोडून देतो. माणसाला शेवटपर्यंत वाचावं.

मिरीबद्दल आजवर लिहिलं गेलेलं सगळ्यात चांगलं वाक्य बाइंडरला तोंडपाठ आहे. ते त्याला वाचायचा अधिकार नव्हता, म्हणून सांगायचाही नाही. सुट्टीत मुलगी घरी येते, समोर बसून जेवते, आणि तो ते वाक्य गिळून तिला विचारतो, "अभ्यास कसा चाललाय?"