कापडाची कात्री

मोटार आज चालली तर राहील, नाहीतर चार वाजता भंगारवाला येऊन तिला घेऊन जाईल, असा शिवणबाईंचा नवऱ्याशी करार झाला होता. गॅरेज रिकामं झालं की तिथे बाईंचा शिवणवर्ग. सहा मशिनं, मोठा आरसा, भिंतींना पिवळा रंग. मनातल्या मनात बाईंनी खिळेसुद्धा ठोकले होते.

साडेतीन वाजले तरी म्हातारी मोटार खोकतच होती. चोक ओढला की गुरगुरायची, आत ढकलला की मान टाकायची. नवऱ्याने कार्ब्युरेटर तीनदा उघडून धुतला, प्लग बदलले, नाकाला ग्रीस लावून घेतलं, पण तिचा हेका काही सुटेना.

"अगं, हवा-पेट्रोलचं गणित कुठेतरी चुकतंय."

"तुमचं गणित लग्नापासून चुकतंय," म्हणत बाई गुरगुरत्या इंजिनावरून चहा द्यायला वाकल्या, आणि त्यांना ऐकू आलं. सूंऽऽ. बारीक, सतत. कुकरचं रबर गेलं की वाफ निसटते, अगदी तसं. वीस वर्षं कुकरशी संसार केलेल्या बाईला हे कोणी शिकवायला नको. इंजिनावरच्या रबरी नळीचं टोक चिरलं होतं, आणि तिथून हे बेणं फुकटची हवा ओढत होतं.

गप्प बसलं की अर्ध्या तासात गॅरेज आपलं! बाईंनी ओठ घट्ट मिटले.

नवऱ्याने बॉनेटवरून हात फिरवला. "जाऊ दे. आरसा कुठे लावायचा म्हणालीस?"

"डोंबल आरशाचं!" बाईंनी नळीवर बोट दाबलं. "चोक आत ढकला!"

त्याने ढकलला. इंजिन शिवणयंत्रासारखं एका सुरात चालू लागलं. ते बंद करायला लावून बाई घरात पळाल्या, कात्री घेऊन आल्या, चिरलेलं टोक कच्चकन उडवलं आणि उरलेली नळी जागेवर बसवली.

चार वाजता भंगारवाला आला, तेव्हा दोघं अंगणात मोटार पुढे-मागे घेत लहान पोरांसारखी खिदळत होती. तो बिचारा हसत परत गेला.

"पण तुझा वर्ग गं?" नवऱ्याचा चेहरा उतरला.

"चालणारी गाडी घरात कशाला बसेल? रोज दहाला हिला घेऊन बाहेर पडायचं, पाचच्या आत तोंड दाखवायचं नाही. आणि आता आधी दुकानात चला. कात्री कामातून गेली."

तेव्हा कुठे त्याने कात्री पाहिली. कापडाची! त्याने तिला एकदा कागद लावला होता, तर बाईंनी घर डोक्यावर घेतलं होतं.

त्याचे डोळे भरून आले, पाय क्लचवरून सुटला आणि गाडी धाडकन बंद पडली. त्याने चावी फिरवली.

पहिल्या फटक्यात सुरू!