चिकटलेलं पान

मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे, मित्रांनो. मला छापताना तीन यंत्रं धापा टाकत खाली बसली, असं मी सांगत असतो. त्यातलं निम्मं सोडून द्या. पुढचं मात्र सगळं खरं आहे. खोटं असतं तर मला बरं वाटलं असतं.

पेणला महिपतीबाबांच्या गणपतीच्या कारखान्यात मी आलो, तो त्यांची नात दिपिका हिला शाळेत बक्षिसात मिळून. ती मोठी झाली आणि मी पाटाखाली गेलो. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करताना पाट डगमगू नये, म्हणून बाबा मला खाली सारायचे. वरून रंग गळायचा, पानं चिकटायची. तरी "बत्तीस गणपती एका दमात पेलतो," अशी बढाई मी उंदरांपुढे मारायचो.

यंदा रोह्याजवळच्या वरशाहून इंदुबाई आल्या. त्यांचा मुलगा प्रविण परदेशात, त्याच्या घरचा पहिला गणपती इथून कुरियरने जायचा होता. कुरियरवाल्याने खोक्यावर 'फ्रॅजाइल' लिहायला सांगितलं होतं. दिपिकाने मला ओढून काढलं आणि अर्थ वाचला: ठिसूळ, सहज मोडणारे.

बाबांचा ब्रश थांबला. त्या कारखान्यात मूर्तीपुढे मोडण्याची भाषा कोणी करत नाही.

"देवाच्या खोक्यावर असला लिवायचा? नाय गो. माझ्या हातचा बाप्पा ठिसूळ नाय."

खाली आणखी एक ओळ होती, पण पान तिथेच चिकटलेलं. दिपिकाने नख घातलं. फाटण्याच्या भीतीने मी पान घट्ट धरून ठेवलं. तिने नाद सोडला. खोकं कोरंच गेलं.

मूर्ती पोचली ती सोंड तुटून. खंडित मूर्ती पूजेला कशी बसवणार? प्रविणने सुपारी मांडून पूजा केली. इंदुबाई पुन्हा आल्या, पण ओरडल्या नाहीत.

"दिपिका गो, एक शब्द लिवायला एवढा जड व्हता?"

दिपिकाची मान वर होईना. बाबा धुतलेलीच रंगाची वाटी पुन्हा धूत राहिले. आणि मी? ती ओळ गणपतीच्या उंदराने खाल्ली, असं मी पाटाखाली सांगत सुटलो. बिचारा उंदीर.

इंदुबाई गेल्यावर दिपिकाने ओलं फडकं ठेवून पान सोडवलं. थोडा फाटलो, मेलो नाही. आतली ओळ तिने मोठ्याने वाचली: 'खोक्यावर लिहिल्यास, जपून हाताळा.'

बाबांनी वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "ह्यो शब्द तं उचलणाऱ्यासाठी हाय. बाप्पासाठी नाय."

पुढच्या वर्षीच्या खोक्यावर दिपिकाने तो शब्द आत्ताच लिहून ठेवलाय. तुटलेली सोंड मात्र माझ्याच्याने जोडली जात नाही.

मित्रांनो, पहिल्या अर्थापाशी थांबू नका, खालची ओळही वाचा. आणि तुमच्याकडे कुठल्या पाटाखाली माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याला बाहेर काढा. पानं ओल्या फडक्याने हळूच सोडवा. तो मोठमोठ्या बाता मारेल. मारू द्या. ठिसूळ असतो तो.