समेटाचं डुक्कर

कोबीचा ट्रक खिंडीतून खाली येतो तेव्हा आधी तापलेल्या ब्रेकचा वास येतो. त्या दिवशी तो वास आला तेव्हा मी सामानाची गाडी घेऊन सगळ्यांच्या मागे होते. पुढे आमचे पाहुणे सायकलींवर उतरत होते आणि त्यांच्याही पुढे माझा धाकटा भाऊ हारुंग. गेली कित्येक वर्षं आम्ही दोघं असंच लोकांना समुद्रापासून खिंडीपर्यंत चढवतो आणि परत उतरवतो.

ट्रक तैमूचा होता. तैमू आमच्याच वस्तीतला. सायकलवाल्याला हॉर्न मारून कडेला चेपायचं आणि त्याची तंतरली की हसायचं, हा त्याचा खेळ. वळणावर त्याने मला मागे टाकलं, हसत खिडकीतून हात हलवला, मग एकेका पाहुण्याला घाबरवत पुढे गेला. हारुंग त्याला घाबरत नसे. म्हणून त्याच्या अंगावर ट्रक जरा जास्तच घातला.

मी पोचले तेव्हा सायकल कठड्याला चिकटून चपटी झाली होती. हारुंग शुद्धीवर होता. "ताई, उजवा बूट काढ ना, फार आवळतोय," म्हणाला. बूट पलीकडच्या गटारात पडला होता आणि तो रिकामा नव्हता. मी त्याच्या मांडीला सायकलची ट्यूब करकचून बांधली. रक्त माझ्या कोपरांपर्यंत आलं. एक पाहुणी तिथेच ओकली.

दवाखान्यात गुडघ्याच्या वरून पाय कापला. तैमूचा परवाना गेला. इकडे पाय गेला, तिकडे परवाना गेला, झाली फिट्टंफाट!

आठवड्याने तैमूचा मामा डुक्कर घेऊन आमच्या अंगणात आला. रविवारी आम्ही सगळे चर्चमध्ये असतो, पण भांडण मिटवायचं ते डुकरानेच. अपराध्याच्या घरचं डुक्कर, त्याचं रक्त जमिनीवर, मांसाचा वाटा दुखावलेल्या घराला. वाटा खाल्ला की भांडण मेलं. त्यानंतर जो हात उचलेल त्याने 'गाया', म्हणजे पूर्वजांनी घालून दिलेली रीत, मोडली. आणि गायाचा दंड अपराध्यालाच बसतो असं नाही. तो त्याच्या घरातल्या कुणालाही गाठतो.

मामाने सुरा डुकराच्या गळ्यात घातला. ते किंचाळलं, बांबूला बांधलेले पाय झाडत राहिलं. तैमू मान खाली घालून उभा होता.

"चिवांगताई, माझं चुकलं. ब्रेक लागला नाही."

"ब्रेकला कशाला नावं ठेवतोस? हसत होतास तू. मी पाहिलंय."

त्याच्या मामाने वाटा पुढे केला, तो मी उचलून रस्त्यावर भिरकावला. कुत्री तुटून पडली. सगळी वस्ती बघत होती, आणि मला फार बरं वाटलं. मी फेकलं, म्हणजे आमच्या घराने नाकारलं, असं मी धरून चालले. आई ओसरीत बसून होती. मी तिला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशीची सहल ठरलेली होती. हारुंगच्या जागी माझी लेक राबाय पुढे निघाली. कॉलेजात शिकते, पण सायकलवर बसली की हारुंगमामासारखीच बेफिकीर. अर्ध्या घाटात सुपारीच्या टपरीपाशी मला तैमू दिसला. रेलिंगला टेकून सुपारी चघळत होता. पाहुण्यांना मी पुढे जाऊ दिलं, गाडी थांबवली आणि सीटखालचा चाकाचा पाना काढला.

पहिला फटका खांद्यावर बसला. तो कोलमडला, सुपारीची लाल थुंकी शर्टभर सांडली. दुसरा बरगड्यांवर. तो मला सहज उचलून दरीत टाकू शकला असता, एवढा दांडगा गडी. पण तो हात वर करेना, त्याने माझं डोकं आणखीच फिरलं.

"मार ना! बाईला घाबरलास?"

"ताई, हात उचलू नको. हारुंगने खाल्लंय."

"खोटारड्या!"

"तुझ्या आईनेच कळवलंय, विचार तिला."

उठण्यासाठी त्याने रेलिंग धरलं. उजवा हात. मी पाना दोन्ही हातांनी उचलून त्या बोटांवर घातला. हाडाचा आवाज झाला. पुन्हा घातला. तो गुडघ्यांवर बसून लहान पोरासारखा रडायला लागला, आणि खरं सांगते, तेव्हाही मला बरंच वाटत होतं.

मग आईला फोन लावला.

"खाल्लं त्याने," आई म्हणाली. "तू फेकलंस त्यातलं नव्हे, मी आधीच वेगळा तुकडा काढून ठेवला होता. आज सकाळी दवाखान्यात घेऊन गेले. म्हणाला, आई, भरव. मला डोळे मिटले की ट्रक दिसतो. संपू दे हे." मग तिने विचारलं, "तू काय केलंस गं?"

मी सांगितलं.

"राबाय कुठे आहे?"

"वर खिंडीत पोचेल. उद्या उतरणार. तिला तिथेच थांबवते मी."

"थांबवून काय होतंय? चुलीपाशी बसवलीस तरी गाठायचं तर गाठेल. डुक्कर बांध."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचं पाळलेलं डुक्कर मी सामानाच्या गाडीत घातलं आणि तैमूच्या दारात उतरवलं. मारायचं काम आमच्यात पुरुषाचं. आमच्या घरचा पुरुष दवाखान्यात एका पायावर. सुरा मीच घेतला. पहिला घाव चुकला, डुक्कर दोरी तोडून अंगणात धावलं, सगळीकडे रक्त. मी त्याच्या अंगावर पडून पुन्हा सुरा खुपसला. कुणी मदतीला आलं नाही. येऊही नये.

मांस उकडून थाळीत आलं. तैमू पायरीवर बसला होता, हात प्लॅस्टरमध्ये, एक खांदा सुजून वर आलेला. थाळी त्याच्या मांडीवर ठेवली. तो हलला नाही.

"खा ना रे," मी म्हणाले.

"हात कुठे आहे खायला? भरव."

"डावा आहे की," त्याचा मामा म्हणाला.

"नाही मामा. हिने मोडलाय, ही भरवेल."

राबाय आता उतरायला लागली असेल. वर ढग होते, रस्ता ओला असणार, आणि त्या रस्त्यावर कोबीचे ट्रक काही थांबलेले नव्हते. मी खाली बसले. डुकराचं रक्त वाळलेल्या हाताने तुकडा उचलून त्याच्या तोंडापाशी नेला. ज्याने माझ्या भावाचा पाय खाल्ला त्याच्या तोंडापाशी. त्याने तोंड उघडलं. घास घेतला आणि माझ्याकडे बघत चावत बसला. चावतोय, चावतोय, गिळत नाही. जन्मात मी कुणाचा इतका तिरस्कार केला नसेल.

"गिळ रे," मी म्हणाले. "गिळ बाबा. पाया पडते तुझ्या."

त्याने गिळलं. मग पुन्हा तोंड उघडलं, आणि मी दुसरा तुकडा उचलला.