चंद्रव्वाची संगीत खुर्ची

"मोठं माणूस उभं असताना आपण बसायचं न्हाय. पाय दुखले तरी न्हाय." हा माझ्या सासूबाईंचा दंडक. सोलापुरात किती घरांतल्या सुनांनी तो ऐकला असेल! महिला मंडळाच्या अध्यक्षा हेमावतीबाईंनीही ऐकला असणार. पण पुण्याला चार दिवसांचं शिबिर करून आल्यापासून त्या आपल्याच गावाकडे पाहुण्यासारख्या बघत.

सोलापूरच्या भवानी पेठेतला आमचा वृद्धाश्रम त्यांचं मंडळच चालवायचं; तिथं मी औषधपाणी बघायचे. बाई येऊन म्हणाल्या, "ह्यांना गुंतवून ठेवायला हवं. नुसत्या वाती वळत बसतात."

श्रावणात कुणाला उणं बोलायचं नाही, असा माझा नेम. त्या वर्षी बाईंनी त्या नेमाची फार परीक्षा पाहिली.

त्यांनी संगीत खुर्ची ठरवली. गुडघे धरून उठणाऱ्यांसाठी पळापळीचा खेळ! बक्षीस मात्र चांगलं होतं. जिंकेल त्याला सोमवारी बाईंच्या मोटारीतून सिद्धेश्वराचं दर्शन.

ते ऐकून चंद्रव्वानं पदर खोचला. तिचा एक डोळा मोतीबिंदूनं गेला होता, दुसराही मावळत होता. "तेवढ्यात एकदा देवाला बघते, मग अंधार झाला तरी चालंल," असं ती रोज म्हणायची.

ग्रामोफोन लागला, थांबला. कुणी बसेचना.

"बसा की."

"तुमी बसा. तुमचं वय लई."

"ढकला! बसा! खेळ आहे हा!" बाई ओरडल्या. सत्तरीच्या माणसांना ढकलायला शिकवणारी शाळा मी पहिल्यांदाच पाहिली.

हळूहळू बाकीचे दमून आपणहून भिंतीला टेकले. उरली एक खुर्ची आणि दोघं: चंद्रव्वा आणि ऐंशीच्या घरातले धोंडीराम. तबकडी थांबली तेव्हा खुर्ची चंद्रव्वाच्या हाताशीच होती. तिनं ती चाचपली आणि धापा टाकणाऱ्या धोंडीरामांकडे सरकवली.

"बसा, आण्णा."

"मी न्हाय. तुला देवाला जायाचंय, तू बस."

"तुमी उभं ऱ्हानार, आन् मी बसू व्हय?"

दोघंही उभीच. बाईंनी कपाळाला हात लावला आणि वैतागून स्वतःच त्या खुर्चीत धपकन बसल्या.

"जितल्या! बाई जितल्या!" धोंडीराम म्हणाले. "जावा आता सोमवारी देवाला."

हसून हसून म्हाताऱ्यांना ठसका लागला. शिबिरात सांगितलेली करमणूक ती हीच, पण बाईंना ओळखू आली नाही. "ह्या लोकांची लायकीच नाही," म्हणत त्यांनी मोटार रद्द केली. वर परवानगीवाचून कुणी फाटकाबाहेर जायचं नाही, असा हुकूमही सोडला. देवानं बाईंना मोटार दिली, मान दिला, मंडळ दिलं. समोरचं माणूस दिसायची नजर तेवढी द्यायची राहिली.

संध्याकाळी डोळ्यांत औषध घालताना चंद्रव्वानं माझा हात धरला. "हातातली खुर्ची सोडली बघ मी. आता न्हाय दिसायचा देव."

"मी नेते की तुम्हाला, सोमवारी," मी म्हणाले.

सोमवारची माझी पोथी कधी चुकली नव्हती. त्या सकाळी ती मिटलेलीच राहिली. फाटकावरच्या संगप्पाकडे किल्ली मागितली. "बाईंनी..." असं म्हणता म्हणता त्यानं किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि पाठ वळवून विडी शोधू लागला.

बाहेर टांगा उभा होता. चंद्रव्वाला आधार देऊन वर चढवलं. "हळू हाका, दादा," मी म्हटलं, आणि तिच्या डोळ्यावर ऊन येऊ नये म्हणून माझा पदर आडवा धरला.