कॅम्पावरचे कुत्रे

कारखान्यात तिला सगळे ढापणी म्हणायचे. तिला त्याचा राग येत नसे. चष्मा होताच तसा, सोडावॉटरच्या काचांचा.

कारखाना मोज्यांचा. यंत्रातून मोजा बाहेर पडतो तेव्हा बोटांकडचं त्याचं तोंड उघडंच असतं. ते शिवून बंद करायचं काम तिच्याकडे होतं. त्या वेळी ती चष्मा काढून ठेवायची आणि मोजा नाकाशी धरायची. वीतभर अंतरात तिच्याइतकं बारीक साऱ्या कारखान्यात कुणाला दिसत नव्हतं. वीतभरापलीकडे मात्र नुसतं धुकं. "आमची पोरगी अगदी नाकासमोर चालणारी," काका पाहुण्यांना सांगायचे. "नाकापलीकडचं दिसलं तर वाकडी जाईल ना!" पाहुणे हसत. तीही हसायची.

आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. वडिलांनी तिला धाकट्या भावाच्या घरी ठेवलं आणि ते जंगलात लाकूडतोडीच्या कॅम्पावर कामाला गेले. तीन महिन्यांतून एकदा त्यांचं चार ओळींचं पत्र यायचं. ती अठरा वर्षांची झाली त्या वर्षी उन्हाळ्यानंतर पत्रच आलं नाही. थंडीच्या तोंडावर बॉयलर बिघडला आणि कारखाना महिनाभर बंद झाला, तेव्हा ती काकूला म्हणाली, "बाबांकडे जाऊन येते."

"कळवलंस का त्यांना?"

"गेल्यावर कळेलच की."

काकूने पाव, उकडलेली अंडी आणि काकांचा जुना स्वेटर पिशवीत घातला. "महिनाभर राहायचं असेल तर रहा," ती म्हणाली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. दोन खोल्यांत सहा माणसं राहत होती.

दीड दिवस बस, मग एक लाकडाची लॉरी. लॉरीवाल्याने तिला एका फाट्यावर उतरवलं. "ही वाट धर. तीन तासांत कॅम्प. आमच्या गाड्या आता बंद होतील, पण वर असेल कुणीतरी," असं म्हणून त्याने गिअर टाकला.

दोन तासांनी ओढा लागला. त्यावर एक ओंडका आडवा टाकलेला होता. मधोमध तिचा पाय घसरला, ती कमरेएवढ्या पाण्यात पडली, आणि बाहेर आली तेव्हा नाकावर चष्मा नव्हता. गारठून हात बधिर होईपर्यंत ती पाण्याचा तळ चाचपत राहिली. हाताला गोटे लागले, बाकी काही नाही.

हात पुढे धरून ती वाटेने चालत राहिली आणि संध्याकाळच्या आत कॅम्पावर पोचली. "बाबा!" तिने हाक मारली. पाच खोपटी होती, पाचांचीही दारं बाहेरून लावलेली. मुदपाकाच्या खोपटाला नुसती कडी होती. आत चूल, काड्यापेटी, मीठ, बोथट सुरी, दोन घोंगड्या आणि अर्धं पोतं वाळके वाटाणे होते. पोत्याला उंदरांनी भोक पाडलेलं होतं. टेबलावर बोटभर धूळ. इथून माणसं जाऊन महिना तरी झाला होता.

दुसऱ्या दिवशी ती परत निघाली. पण ओंडके ओढून ओढून त्या जंगलात सगळीकडे वाटाच झाल्या होत्या, आणि तिला सगळ्या सारख्याच दिसत होत्या, तपकिरी पट्ट्यासारख्या. चालून चालून ती कॅम्पावरच परत आली. पुढच्या दिवशीही तेच. तिसऱ्या वेळी धुकं पडलं आणि ती एका दरीच्या काठावरून जेमतेम मागे सरली. त्यानंतर तिने प्रयत्न सोडला. कुणीतरी येईलच, असं तिला वाटत होतं. पण काकूच्या हिशेबी ती वडिलांकडे होती, आणि वडिलांच्या हिशेबी काकूकडे. तिला शोधायचं कुणाच्या मनात येणार?

कुत्रे पहिल्यांदा दिसले ते पाचव्या दिवशी दुपारी. ती पायरीवर बसून वाटाणे निवडत होती. मोकळ्या जागेच्या पलीकडच्या कडेला चार राखाडी ठिपके हलले. तिचा जीव भांड्यात पडला. कॅम्पावरचे कुत्रे! माणसं गेली आणि यांना मागे टाकून गेली. म्हणजे माणसं परत येणार असतील.

"या रे, या," तिने च्-च् केलं. ठिपके जागच्या जागी थांबले, मग झाडीत गेले.

तिने उकडलेले वाटाणे झाकणात घालून मोकळ्या जागेच्या मध्यावर ठेवले. सकाळी ते तसेच. "माजलेत मेले," ती मोठ्याने म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिने स्वतःचा आवाज ऐकला होता, हाक सोडून. तो जरा घोगरा झाला होता.

मग ती बोलतच राहिली. कुत्रे रोज दुपारी येऊन ओंडक्यांच्या ढिगाजवळ उन्हात पडायचे, तिच्यापासून तीसेक पावलांवर. एक मोठा होता, त्याचं नाव तिने मुकादम ठेवलं, कारण तो बसायचाच नाही, नुसता उभा राहून सगळ्यांवर नजर ठेवायचा. एक मागच्या पायाने लंगडायची, ती लंगडी. उरलेली दोन अर्धवट वयाची पोरं, एकमेकांची शेपटी ओढणारी. त्यांचे चेहरे तिने कधी पाहिले नाहीत. ते कसे उभे राहतात, कसे चालतात, एवढंच तिला कळायचं. तिने त्यांना कारखान्यातल्या गमती सांगितल्या. आईला शेवटी शेवटी लेकीचं नावही आठवत नव्हतं, हेही सांगितलं. ते तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. लंगडी पुढच्या पायांवर हनुवटी टेकून तिच्या दिशेला तोंड करून पडून राहायची. तास-तास.

एकच गोष्ट तिला खटकायची. हे भुंकत कसे नाहीत? दिवेलागणीला मात्र गळा काढायचे. धन्याच्या आठवणीने रडत असतील, असं वाटून तिलाही भरून यायचं. एका संध्याकाळी तीही पायरीवर बसून त्यांच्याबरोबर ओरडली. पलीकडे एकदम शांतता झाली. मग मुकादमाने पुन्हा सूर लावला, बाकीच्यांनी उचलला, आणि तिनेही.

नवव्या-दहाव्या दिवशी वाटाणे संपत आले. उंदरांनी तिच्यापेक्षा जास्तच खाल्ले होते. उभं राहिलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. अशातच एका सकाळी खालच्या झाडीतून कावळ्यांचा कलकलाट ऐकू आला. ती सुरी आणि एक दांडकं घेऊन आवाजाच्या रोखाने गेली. कुत्र्यांनी एक हरीण मारलं होतं. चौघेही त्यावर वाकले होते.

"सरका जरा," ती म्हणाली. "मलाही पोट आहे."

मुकादमाच्या घशातून घर्रर्र असा आवाज आला. "गुरगुरतोस कुणावर?" ती दांडकं आपटत पुढे गेली. कुत्र्यांना भ्यायलं तर ते अंगावर येतात, हे लहानपणी वडिलांनीच तिला शिकवलं होतं. मुकादम दोन पावलं मागे गेला, मग आणखी दहा. सगळेच सरकले. ती गुडघ्यांवर बसली, सांधा नाकाशी धरून शिवणीसारखा शोधला आणि मागची एक तंगडी कापून घेतली. जाताना वळून म्हणाली, "बाकीचं तुमचं." त्या दिवशी तिने मांस भाजलं, खाल्लं, ओकली, आणि पुन्हा खाल्लं.

त्यानंतर कावळे ओरडले की ती जायची. असं तीनदा झालं.

एकोणिसाव्या सकाळी जमिनीवर हिमाचा पातळ थर होता. आता थंडी आपल्याला संपवणार, हे तिने ओळखलं. कुत्रे दोन-तीन दिवसांआड एकाच वाटेने कुठेतरी जाऊन यायचे. कुत्रे जातात तिथे माणसं असणारच, असा तिने विचार केला. भाजलेलं मांस घोंगडीत बांधलं आणि त्यांच्या मागे निघाली.

ते भराभर पुढे गेले, पण हिमावर त्यांचे ठसे होते. ती ओणवी होऊन नाक जमिनीजवळ नेई, चार बोटं आणि त्यांच्या नखांच्या टोकदार खुणा बघे, मग दहा पावलं चाले, पुन्हा ओणवी होई. टाक्यामागून टाका. हे काम तिला येत होतं. दुपारी हिम वितळलं आणि ठसे पुसट झाले. ती वाटेतच बसली. रडायचंही त्राण नव्हतं. बऱ्याच वेळाने पुढे काहीतरी हललं. लंगडी होती. ती इतरांच्या मागे पडली होती, की थांबली होती, ते देव जाणे. ढापणी उठली तशी लंगडी चालू लागली.

ती रात्र तिने एका पडलेल्या झाडाच्या पोकळीत काढली. सकाळी उजाडल्यावर चौघेही पुढे दिसले; त्यांच्यामागे चालताना डांबराचा वास आला. नंतर धूर, नंतर पत्र्यावर खोऱ्याचा आवाज. कुत्रे झाडीच्या कडेला थांबले होते.

"चला की," ती म्हणाली. "माणसं आहेत. खायला देतील." कुणी हललं नाही. ती त्यांच्याजवळून, पाच-सात पावलांवरून, पुढे गेली. इतक्या जवळ ती कधीच गेली नव्हती. त्यांच्या अंगाला ओल्या पाल्याचा वास होता.

रस्तादुरुस्तीच्या टोळीचा तळ होता तो. स्वयंपाक करणारी मावशी बाहेर भांडी घासत होती. झाडीतून आलेली पोरगी बघून तिच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

"कोण गं तू? एकटीच?"

"नाही, कुत्रे आहेत ना मागे."

मावशीने तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. मग अगदी हळू, मऊ आवाजात म्हणाली, "पोरी, मागे बघू नकोस. पळूही नकोस. सरळ माझ्याकडे ये."

"काय झालं?"

"कुत्रे नाहीत ते. लांडगे आहेत."

तेवढ्यात एका कामगाराने पिंप बडवलं, दुसऱ्याने दगड उचलला. "मारू नका!" ती किंचाळली. "माझे आहेत ते!" ती वळली तोपर्यंत झाडीची कड रिकामी होती. निदान तिला तरी तिथे काही दिसलं नाही.

इस्पितळात तिला तीन आठवडे ठेवलं. पायाची दोन बोटं गेली. वडील चौथ्या दिवशी आले. ते दुसऱ्या कॅम्पावर, आणखी वर कुठेतरी होते; तारेने त्यांचा पत्ता लावला होता. खाटेजवळच्या स्टुलावर ते टोपी हातात घेऊन बसले. केस पांढरे झाले होते, तेही तिला त्यांनी वाकून पाणी दिलं तेव्हा कळलं.

"कॅम्प बंद झाला, ते कळवलं नाहीत," ती म्हणाली.

"हो. राहिलं ते." ते टोपी फिरवत राहिले. "मला वाटलं, तू थोडीच येणार आहेस."

परिचारिका येऊन ताप बघून गेली.

"मी येऊ का आता तुमच्याबरोबर? स्वयंपाक करीन."

"तिकडे पोरींना राहायला जागा नसते गं." मग काहीतरी बोलायचं म्हणून ते म्हणाले, "आणि कुत्रे कसले म्हणत होतीस? आमच्या कॅम्पावर कधी कुत्रा नव्हताच."

जाताना त्यांनी उशाशी दोन सफरचंदं ठेवली. तिने ती परिचारिकेला देऊन टाकली.

ती घरी परतली. नवा चष्मा मिळाला. कारखान्यात आठ दिवस पोरी डबा सोडून तिच्याभोवती बसायच्या. भीती नाही वाटली? चावले नाहीत? हात लावलास? तिने खरं सांगितलं: नाही, नाही, नाही. खऱ्यात फारशी गंमत नव्हती. नवव्या दिवशी सुपरवायझरबाईंचं लग्न ठरलं आणि पोरी तिकडे वळल्या. काकू आता तिला जेवताना आधी वाढायची, पण तिच्याकडे बघायची नाही. काकांनी नाकासमोरचा विनोद कायमचा सोडून दिला, आणि तिला तो आठवायचा. संध्याकाळी सहा माणसांच्या घरात भिंतीकडे तोंड करून पडलं की छातीत काहीतरी पोकळ वाजायचं. जंगलात असं कधी झालं नव्हतं. तिथे भूक होती, थंडी होती, पण तिचं बोलणं कुणीतरी शेवटपर्यंत ऐकत होतं.

वसंतात रस्तादुरुस्तीच्या तळावरून मावशीचं पत्र आलं. तिचे हात सुजतात, मदतीला कुणीतरी हवं आहे, येतेस का? काका म्हणाले, "रानात? पुन्हा? डोकं ठिकाणावर आहे का?" काकूने मात्र न बोलता पिशवी काढली आणि त्यात या वेळी स्वतःचा नवा स्वेटर घातला.

याला सहा वर्षं झाली. ती चौदा माणसांचा स्वयंपाक करते. कामगार तिला ताई म्हणतात, त्यांच्या बायकांना तिच्याकडून पत्रं लिहून घेतात, आणि रस्ता पुढे सरकला की तळही पुढे सरकतो. कधी कधी संध्याकाळी लांबून गळा काढल्याचा आवाज येतो. माणसं पत्ते खाली ठेवून तिच्याकडे बघतात. ती पोळी उलटते.

गेल्या हिवाळ्यात, भर दुपारी, समोरच्या उतारावर पाच लांडगे दिसले. चष्म्यातून अगदी स्वच्छ. एकेकाच्या तोंडातून निघणारी वाफसुद्धा दिसत होती, आणि पिवळे डोळे. ती हातातली बादली खाली ठेवून बराच वेळ उभी राहिली. मावशी मागून आली.

"तुझेच का गं?"

"कुणास ठाऊक," ती म्हणाली. "तेव्हा मला दिसत कुठे होतं?"

लांडग्यांनी उतार ओलांडला आणि ते पलीकडे गेले. एकही थांबला नाही. मावशीने बादलीची एक बाजू उचलली, तिने दुसरी, आणि पाणी सांडू न देता दोघी आत गेल्या.